पाय बुडवायचं घमेलं

सांगू की नको, यातच माझे दोन महिने गेले. आता रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली आहे, चहा समोर आहे आणि घरात कोणी नाही, तेव्हा सांगूनच टाकते. एवढंच करा, आमच्या मामाजींच्या कानावर जाऊ देऊ नका. मामाजी म्हणजे माझे सासरे. या गोष्टीत त्यांनी काहीतरी चाखलेलं आहे. काय, ते कळेलच.

माझं माहेर शहापूरचं. हायवेला लागून घर. ट्रकच्या हॉर्नवर मी लहानाची मोठी झाले, बीएस्सी झाले आणि मे महिन्यात लग्न होऊन कोंढ्याला आले. मैत्रिणी म्हणाल्या, किती शांत गाव मिळालं तुला. गाव शांत आहेच. पण शहापूरच्या त्या गोंगाटात मी तासन् तास एकटी बसू शकायचे, आणि कोंढ्याच्या या शांततेत खोलीचं दार नुसतं लोटलं तरी बाहेरून आवाज येतो, "काय झालं वं? बरं नाई का?"

त्यात पहिला महिना सून पाहायला येणाऱ्यांचा. सकाळी दोन, दुपारी चार, संध्याकाळी बैलगाडीभर. वाकायचं, पाया पडायचं, उठायचं, पदर सावरायचा, चहा ठेवायचा. तोवर पुढचे पाय दारात. मी मुळात कमी बोलते. त्यामुळे लोक माझ्यासमोरच माझ्याविषयी बोलत.

"पोरगी बोलत नाई काही."

"चांगलं हाय ना मंग. बोलनाऱ्या पाह्यल्या ना आपन."

मी हसायचे आणि कप उचलायचे. महिनाभरात माझी कंबर, गुडघे आणि ते हसू, तिन्ही दुखायला लागलं.

अशातच मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. 'घरच्या घरी ताण घालवण्याचे सोपे उपाय.' पांढऱ्या सोफ्यावर एक बाई बसलेली, मागे कुंडी, घरात चिटपाखरू नाही. ती म्हणाली, "दिवसातली फक्त पंधरा मिनिटं स्वतःसाठी काढा." मला तिचा हेवाच वाटला. तिच्या घरी वत्सलाकाकू नव्हत्या.

वत्सलाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. दोन घरांच्या मध्ये खांद्याएवढी भिंत आहे, आणि काकूंची मान त्या भिंतीपेक्षा चार बोटं उंच आहे.

पहिला उपाय होता दीर्घ श्वास. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मी भाजी निवडता निवडता सुरू केलं. तिसऱ्या श्वासाला सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "दम लागते का वं तुले? लग्नाच्या आधी होता का हा दमा?" त्या दिवशी माहेरी फोन गेला. माझ्या वडिलांना शपथ घेऊन सांगावं लागलं, की पोरीची छाती ठणठणीत आहे.

दुसरा उपाय, डोळे मिटून शांत बसणे. पाचच मिनिटं बसले असेन. भिंतीवरून आवाज आला, "सूनबाईचं डोकं उठलं वाट्टे." आणि डोळे उघडायच्या आत काकूंचा बाम माझ्या कपाळावर. त्यातला थोडा डोळ्यात. पुढची पंधरा मिनिटं मी स्वतःसाठीच काढली, नळाखाली.

तिसरा उपाय, संध्याकाळी एकटीने फेरफटका. निघाले तलावाच्या दिशेने. वाटेत तिघांनी विचारलं, "कोठी चालली वं?" चौथे एक आजोबा होते. त्यांनी काही विचारलं नाही. नातवाच्या मोटारसायकलवर बसवून मला सरळ घरी आणून सोडलं आणि मामाजींना म्हणाले, "भांडन झालं का घरात? सून तयाकडे जाऊन राहिली होती."

तया म्हणजे तलाव. त्यानंतर आठ दिवस माझ्यावर पहारा होता. ताण किती कमी झाला असेल, ते तुम्हीच पाहा.

राहिला शेवटचा उपाय. कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, लिंबाच्या चकत्या टाकायच्या आणि पंधरा मिनिटं पाय बुडवून बसायचं. याला श्वास लागत नाही, डोळे मिटावे लागत नाहीत, घराबाहेर जावं लागत नाही. फक्त घर रिकामं लागतं.

आणि जूनमधल्या एका दुपारी ते झालं हो. सासूबाई बाजाराला गेल्या. वत्सलाकाकू त्यांच्याबरोबर. माझे हे, म्हणजे नितेश, पवनीला मोबाइलच्या दुकानात कामाला जातात. आणि मामाजी ग्रामपंचायतीत कृषी सहायकांच्या सभेला.

मी पाणी तापवलं. मागच्या अंगणात न्हाणीजवळ एक स्वच्छ मोठं घमेलं पालथं होतं, ते घेतलं. मूठभर मिठाने पाणी काही खारट दिसेना, म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या. थकवाही तसाच होता. वरून अर्धं लिंबू चकत्या करून सोडलं. साडी पोटऱ्यांवर घेतली आणि पाय आत ठेवले.

काय सुख होतं ते. टाचेच्या भेगा चुरचुरल्या, मग सैलावल्या. महिन्याभरात वाकून वाकून दुसऱ्यांचेच पाय पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचे नीट पाहिले. बरे होते.

सातवं मिनिट असेल. पुढचं दार वाजलं आणि मामाजींचं खाकरणं आलं.

नवी सून भर दुपारी, साडी वर करून, घमेल्यात पाय सोडून बसलेली सासऱ्यांनी पाहायची? मी ताडकन उठले, ओल्या पायांनी स्वयंपाकघरात शिरले आणि दाराआड उभी राहिले. घमेलं तिथेच.

मामाजी मागच्या अंगणात आले. घमेल्याजवळ थांबले. वाकले. मी दाराच्या फटीतून पाहत होते, म्हणून सांगते. त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली आणि तोंडात घातली.

माझा श्वास अडकला. चार मोजत नाही, सहा मोजत नाही, नुसताच अडकला.

मामाजींनी चव घोळवली. मान हलवली. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नात हार घालतानाही एवढा उजळला नव्हता.

"सूनबाई! हे पानी तू करून ठेवलं?"

मी दारात आले. पाय साडीत लपवले. "हो मामाजी, पण ते..."

"तुले कसं मालूम, आज साहेब हेच सांगनार हाय मनून?"

झालं होतं असं. सभेत कृषी सहायकांनी सांगितलं होतं, की धानाचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून फेका, खाली बसलेले भरीव दाणे दोनदा धुऊन पेरा. मग त्यांनी विचारलं, हे कोणाच्या घरी करतात? एकाचाही हात वर गेला नाही. मामाजींना ते लागलं. चाळीस वर्षं धान पिकवलेला माणूस. भर सभेत म्हणाले, "आज माह्या घरी होते." आणि घरी येतात तो काय, पाणी तयार.

"मोबाइलवर पाह्यलं असन तू," मामाजी म्हणाले. "शिकलेली सून असली मंजे असं असते. पन पानी गरम काहून हाय?"

"मामाजी, ते पाणी..."

"बियानं लवकर जागं होते गरम पान्यानं, असंच ना? बरोबर हाय. आन् लिंबू? किडीसाठी?"

माझ्या जागी तुम्ही काय सांगितलं असतं? पाणी पाय धुवायचं आहे, हे चाखायच्या आधी सांगण्यासारखं होतं. चाखल्यावर ते सांगायला वेगळ्या जातीची हिंमत लागते.

मामाजी कोठीतून पोतं घेऊन आले. हे साधं पोतं नव्हतं. मागच्या हंगामातल्या सगळ्यात चांगल्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, लोंब्या निवडून, घरीच झोडपून ठेवलेलं बियाणं. दुकानातून मामाजी बियाणं आणत नाहीत. त्या पोत्यावर पूजेचं कुंकू होतं. या घरात धानाच्या दाण्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. आणि मामाजींनी ते कुंकवाचं बियाणं थोडं थोडं करून माझ्या पायधुणीत ओतलं.

पोचट दाणे भराभर वर आले. मामाजींनी ते सुपात काढले. "एवढं पोचट पेरत होतो आपन इतले वर्स," असं म्हणून ते कितीतरी वेळ बघत बसले. मी पण बघत होते. त्या दाण्यांमध्ये लिंबाची एक चकती फिरत होती.

भरीव बियाणं त्यांनी साध्या पाण्याने दोनदा धुतलं. मला तेवढाच आधार. मी म्हटलं, "मामाजी, आणखी एकदा धुवू या का?" तर म्हणाले, "पाह्य, केवढी काळजी पोरीले."

नितेश घरी आले तेव्हा मी त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग आणखी हसले. उशीत तोंड घालून हसले. मी म्हटलं, "मी मामाजींना सांगून टाकते." तसे एकदम गंभीर झाले.

"बाबानं चाखलं ना?"

"हो."

"मंग सांगू नको. काही झालं तरी सांगू नको."

"आणि बियाणं उगवलं नाही तर? गरम पाणी होतं. लिंबू होतं. मीठ तिप्पट होतं."

त्यांनी उशी बाजूला ठेवली. आमच्या घरी धान हेच सगळं आहे. पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, उगवले नाहीत तर दुसरं घरचं बियाणं नाही. मामाजींना पहिल्यांदाच दुकानात उभं राहावं लागलं असतं, आणि तेही कोणामुळे? महिन्याभराच्या सुनेच्या पायांमुळे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी देवाचे पाय धरले असते. पण मामाजींनी गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात दहा-बारा शेतकरी जमले, कृषी सहायक आले आणि मला प्रात्यक्षिक करून दाखवायला बोलावलं. ज्या मुलीने कॉलेजात कधी वर्गात हात वर केला नाही, ती डोक्यावर पदर घेऊन घमेल्यासमोर उभी. तेच घमेलं. मामाजींनी मुद्दाम डोक्यावरून आणलं होतं.

कृषी सहायक वही काढून बसले. "ताई, पुस्तिकेत गरम पाणी दिलेलं नाही. लिंबूही नाही. तुम्ही प्रमाण काय घेतलं?"

"अर्धं," मी म्हटलं.

"लिटरला?"

"घमेल्याला."

त्यांनी लिहून घेतलं. पाण्यात बटाटा टाकून पाहिला. तरंगला, म्हणजे मीठ बरोबर होतं. लोकांनी माना डोलावल्या. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "पानी कितीक कोमट पाह्यजे, बाई?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पायाला सोसेल इतकं."

कृषी सहायकांनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"पायाले?" म्हातारा म्हणाला.

"म्हणजे हाताला," मी म्हटलं. पदर आणखी पुढे ओढला. बायकांच्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं, आणि पदराने तोंड पुसलं.

त्या दिवशी गावातल्या एकुलत्या एका दुकानातली लिंबं संपली. सहा घरांनी माझ्या पद्धतीने बियाणं भिजवलं. आता आमच्या एकट्याचं नाही, सात घरांचं बियाणं माझ्या टाचांवर होतं.

मामाजींनी वावरात पऱ्हे टाकले, म्हणजे वाफ्यात ते बियाणं पेरलं. पुढचे दिवस मी कसे काढले, ते विचारू नका. जेवण जाईना. पहाटे उजाडलं की डबा घेऊन वावराकडे, आणि वाफ्याकाठी बसून माती बघत राहायचं. पहिला दिवस माती. दुसरा दिवस माती. तिसऱ्या दिवशी हिरवं काहीतरी दिसलं म्हणून धावले, तर गवत. ताण घालवायचा तो व्हिडिओ मी पुन्हा उघडला, शेवटी काही उतारा सांगितलाय का बघायला. बाई अजून सोफ्यावरच होती.

आणि गाव काय म्हणत होतं? भिंतीवरून वत्सलाकाकू सासूबाईंना सांगत होत्या, "अशी सून पाह्यली नाई बाप्पा. रोज वावरात. जीव लावते बियान्यावर." सासूबाई म्हणाल्या, "हो ना. तिचंच तर हाय सारं त्याच्यात." मला वाटलं, किती कौतुकाने बोलतात बिचाऱ्या.

पाचव्या दिवशी मी मनाशी ठरवलं. उद्या काही दिसलं नाही, तर मामाजींसमोर उभं राहून सगळं सांगायचं. वाक्यही पाठ केलं. "मामाजी, ते बियाण्याचं पाणी नव्हतं." एवढंच. पुढचं त्यांनी विचारलं तर.

सहाव्या दिवशी सकाळी वावरात गेले, तर मामाजी आधीच वाफ्याकाठी उकिडवे बसलेले. माझं वाक्य घशात तयार होतं. त्यांनी बोट दाखवलं. वाफाभर सुया उभ्या होत्या. हिरव्या, एकसारख्या, कुठे विरळ नाही. मी तिथेच बसले आणि रडले. काय करणार, सहा दिवसांचं साठलं होतं. मामाजींचेही डोळे भरले. म्हणाले, "इतले दाट पऱ्हे माह्या हातानं कधी नाई झाले, पोरी."

माझं पाठ केलेलं वाक्य मी गिळलं. सहाही घरांत उगवलं. खरं कारण तुम्हाला-मला माहीत आहे. पोचट दाणे काढून टाकल्यावर जे राहिलं ते भरीवच होतं, आणि पाणी पायाला सोसेल इतकंच होतं, त्यात दाण्याला काय होणार. पण गावात लिंबाचं नाव झालं.

घमेल्याला हळद-कुंकू लागलं. आता ते कोठीत खिळ्याला टांगलेलं असतं. एकदा फार थकले होते तेव्हा मी नुसता हात लावला, तर मामाजी ओसरीवरून म्हणाले, "सांभाळून वं. बियान्याचं हाय. पाय नको लागू देऊ त्याले."

मग रोवणी आली. आमच्याकडे नवी सून पहिल्या वर्षी बांधीत उतरत नाही. मला ते माहीत होतं आणि सगळ्या रीतींमध्ये ही एकच मला मनापासून पटलेली होती. पण मामाजींनी जाहीर केलं, "जिच्या हातचं बियानं, तिच्या हातची पयली पेंडी."

पहिली पेंडी म्हणजे रोपांची पहिली जुडी. मला वाटलं, एक जुडी लावायची, नमस्कार करायचा, घरी. बायकांना वाटलं, आता उतरलीच आहे तर. सकाळी आठला मी चिखलात पाय ठेवला. बारा वाजता शिदोरी बांधावर आली. पाच वाजले तरी मी वाकलेलीच होते. वाकायची सवय होतीच म्हणा, महिनाभर पाया पडून झालेली. बांधीतलं पाणी उन्हाने तापलेलं होतं. अगदी व्हिडिओत सांगितलं होतं तेवढं कोमट. बाई पंधरा मिनिटं म्हणाली होती. मला नऊ तास मिळाले.

शेजारच्या ओळीत सासूबाई होत्या. हात चालू, मान खाली. इतर बायका पुढे सरकल्या तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी बाजारातून आली ना मी, तं मांगच्या दारापासून चुलीपावतर पावलं उमटले होते. पानी वायून गेलं होतं, मिठाचे पांढरे पावलं राह्यले होते. बारीकसे. बाप्या मानसाचे नाई."

माझ्या हातातली पेंडी पाण्यात पडली.

"तुह्या मामाजीनं पाहाच्या आधी पुसले मी," त्या म्हणाल्या.

"आई, मी सांगणार होते..."

"कायले? सारं उगवलं ना." त्यांनी माझी पेंडी उचलून परत हातात दिली. दोन रोपं लावली. मग माझ्या पोटरीपर्यंत बुडालेल्या पायांकडे एकदा बघितलं आणि विचारलं,

"मीठ आनू का?"